पाळणाघर बदलताय? ताईंना आधी कळू द्या

पाळणाघर बदलायचे घरात ठरले की नव्या ठिकाणची फी, वेळ, डब्याची सोय यांची चौकशी भराभर होते. जुन्या ताईंना सांगायचे काम मात्र ‘तू सांग’, ‘तूच सांग’ करत नवरा-बायकोत घुटमळत राहते. मग महिनाअखेरीच्या एखाद्या संध्याकाळी, पोर कडेवर आणि एक पाय चपलेत असताना, ‘उद्यापासून नाही पाठवत हं’ असे ओझरते सांगून टाकले जाते. काही जण तेवढेही करत नाहीत. मूल दोन दिवस आले नाही म्हणून ताईच फोन करतात आणि तेव्हा त्यांना कळते की ते आता पलीकडच्या सोसायटीत जाते.

मोठ्या शहरात हे खपून जात असेल. कर्जत, नेरळ, खोपोली, चौक, मोहोपाडा इथे खपत नाही. भाजीबाजार एक, बँक एक, सहा पस्तीसच्या लोकलचा डबाही तोच. जिच्या मांडीवर मूल दोन वर्षे झोपले, तिची नजर चुकवत गावात वावरणे कोणालाच जमत नाही.

या पट्ट्यातल्या पाळणाघरांची घडण समजली की सांगण्याचे महत्त्वही समजते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत सुमारे 100 किलोमीटर. तिथून पुढे पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत गाडी खोपोलीला टेकते. ठाणे-दादरकडे नोकरीला जाणारी आई सकाळी अंधारात निघते आणि दिवेलागणीनंतर परतते. खालापूर तालुक्यात पाताळगंगा-रसायनीच्या आणि खोपोलीच्या कारखान्यांतल्या पाळ्या असतात. म्हणजे मूल दिवसाचे दहा-बारा तास ताईंकडे. आणि हे पाळणाघर म्हणजे बहुतेक वेळा एका घराचा हॉल, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, स्वयंपाकघराच्या दाराला आडवी लावलेली फळी आणि मदतीला ताईंची सासू किंवा मोठी मुलगी. पाटी असतेच असे नाही. करार क्वचितच असतो. सगळे शब्दावर चालते.

अशा घरगुती पाळणाघरात पाच मुले असतील तर एक गेल्यावर ताईंचे उत्पन्न त्याच महिन्यात पाचव्या हिश्शाने घटते. शिवाय जागा नाही म्हणून त्यांनी गेल्याच आठवड्यात कोणाला तरी नकार दिलेला असू शकतो. म्हणून किमान एक महिना आधी सांगावे. लेखी अट पंधरा दिवसांची असली तरी महिनाच बरा. कुठलीच अट ठरलेली नसेल तर मग नक्कीच महिना.

वर्षातली काही वळणे ताईंनाही पाठ असतात. महाराष्ट्रात नर्सरीच्या प्रवेशासाठी 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षे पूर्ण होणारी मुले पात्र धरली जातात आणि शाळा जूनच्या मध्याला उघडतात. त्यामुळे जूनमध्ये मुले जाणार हे गृहीत असते. तरी एप्रिलमध्येच सांगितले तर सुट्टीत चौकशीला येणाऱ्या नव्या पालकांना ताई हो म्हणू शकतात. अवघड असते ते अध्येमध्ये सोडणे. बदली होते, बदलापूर-अंबरनाथकडे घर घेतले जाते, गावाहून आजी-आजोबा येतात, कारखान्यातली पाळी बदलते. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गासारखी कामे होतात तशा नोकऱ्यांच्या दिशाही बदलतात आणि त्यामागून पाळणाघरे.

शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये बदल करू नये. इथला पाऊस हे त्याचे साधे कारण. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तेवढे मोठे संकट रोज येत नाही, पण बदलापूरच्या पुढे लोकल बंद पडणे कर्जतकरांच्या अंगवळणी पडले आहे. अशा रात्री मूल जेवून, कपडे बदलून, ताईंच्याच घरी झोपलेले असते. नव्या ठिकाणी ही सवलत पहिल्या महिन्यात मिळेलच असे नाही. ‘लोकल अडकली तर मूल किती वाजेपर्यंत ठेवाल?’ हे तिथे प्रवेश घेतानाच विचारावे, आणि जुन्या ताईंनी अशा किती रात्री काढल्या हे त्यांच्याशी बोलायला बसण्यापूर्वी एकदा आठवून पाहावे.

सांगण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी नव्या ठिकाणची जागा पक्की करावी, पैसे भरावेत, सुरू होण्याची तारीख घ्यावी. मग लगेच ताईंना सांगावे आणि त्यानंतर बाकी सगळ्यांना. पाळणाघरातल्या दुसऱ्या आयांना, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटाला, धुणीभांड्याच्या मावशींना आधी कळले, तर ताईंना ती बातमी दुपारच्या आत तिखटमीठ लावून पोचते. लोकलच्या महिला डब्यात बोललेले तर कर्जत स्टेशन येण्याआधीच पोचलेले असते.

सांगायची वेळ संध्याकाळी मूल घ्यायला जाण्याची नको. त्या वेळी दारात चार पालक उभे असतात, कोणाचा बूट सापडत नसतो आणि गॅसवर ताईंच्या घरचा कुकर चढलेला असतो. आदल्या दिवशी नुसते म्हणावे, ‘ताई, शनिवारी दहा मिनिटं बसायचं होतं.’ जाताना मुलाला घरी ठेवावे. आपल्याविषयी काही गंभीर बोलणे चालले आहे हे दीड वर्षाच्या पोरालाही कळते. आणि बोलायला आईनेच जावे असा काही नियम नाही. रोज सोडायला वडील जात असतील तर त्यांनी जावे, दोघे गेले तर उत्तमच. आजीला पुढे करून आपण मागे राहणे मात्र वाईट दिसते.

बसल्यावर आधी तारीख सांगावी. फार प्रस्तावना केली तर ताईंना वाटते फीबद्दल काही काढणार. ‘ताई, मे महिनाअखेरपर्यंत चिनू तुमच्याकडे येईल. जूनपासून त्याला शाळेला लागून असलेल्या पाळणाघरात ठेवतोय. दुपारी शाळेतून इथे आणायला कोणी नाही.’ एवढे बोलून थांबावे. ताईंना बोलू द्यावे.

कारण खरे आणि एका वाक्यात मावणारे असावे. ‘सासूबाई येणार आहेत कायमच्या’ ही थाप या गावांत पहिल्या सोमवारपर्यंत टिकते. नव्या पाळणाघराच्या फाटकाशी तीच स्कूटर उभी दिसली की संपले. पैशाचे कारण लोक सर्वांत जास्त लपवतात. खरे तर ते सांगायला सर्वांत सोपे आहे. ताई स्वतः महिन्याचा हिशेब जुळवत असतात, त्यांना त्यात अपमान वाटत नाही. फक्त त्या ‘मग पाचशे कमी करते’ म्हणाल्या तर काय उत्तर द्यायचे हे घरून ठरवून जावे. फी कमी करून घेण्यासाठी सोडण्याची धमकी देणे हा उद्योग एकदाच चालतो आणि त्यानंतर मुलाकडे पाहण्याची नजर बदलते.

तक्रार हे कारण असेल तर? टीव्ही फार लावतात, डबा तसाच परत येतो, दुपारी सगळ्यांना एकाच खोलीत कोंडल्यासारखे ठेवतात, अशा गोष्टी सोडण्याच्या दिवशी पहिल्यांदा बोलायच्या नसतात. त्या आधी बोलून सुधारायला वेळ द्यायचा असतो. तरी बदल झाला नाही आणि सोडायचे ठरले, तर एकच ठोस गोष्ट सांगावी. ‘दुपारी टीव्ही चालू असतो, त्यात तो झोपत नाही, रात्री चिडचिड करतो’ हे ऐकून ताई उरलेल्या मुलांसाठी काही करू शकतात. दोन वर्षांच्या बारीकसारीक उखाळ्यापाखाळ्या काढल्या तर काहीच करू शकत नाहीत.

ताई रडतील, ‘आमचं काय चुकलं?’ विचारतील किंवा रागावून ‘मग उद्यापासूनच न्या’ म्हणतील. शेवटच्या शक्यतेसाठी चार-सहा दिवसांची सोय मनात ठेवूनच जावे. एखादी रजा, शेजारची मावशी, आजी. सांगितल्यानंतर उरलेल्या महिन्यात मुलाकडे दुर्लक्ष होईल ही भीती पुष्कळ पालकांना असते आणि त्यापायी ते शेवटपर्यंत गप्प राहतात. जिच्यावर इतका अविश्वास आहे तिच्याकडे मूल कालपर्यंत का ठेवले, हा प्रश्न इथे स्वतःला विचारायला हरकत नाही. भीती खरीच असेल तर महिन्याचे पैसे देऊन मूल लगेच काढावे, पण सांगणे टाळू नये.

समोरासमोर बोलून झाल्यावर त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर चार ओळी टाकाव्यात: ‘ताई, आज बोलल्याप्रमाणे चिनूचा शेवटचा दिवस शुक्रवार, 29 मे. मेची फी दिली आहे. अनामत 2,000 रुपये जूनच्या पहिल्या आठवड्यात परत देण्याचं ठरलं. दोन वर्षं त्याला सांभाळलंत, आभार.’ तारीख आणि रकमा नोंदल्या गेल्या की पुढे ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ उद्भवत नाही. हा मेसेज बोलण्याआधी पाठवला तर मात्र तो नोटिशीसारखा वाचला जातो. परदेशातल्या मराठी कुटुंबांना उलटा अनुभव येतो. जर्मनीत पाळणाघराचा लेखी करार असतो, सोडण्याची सूचना ठरलेल्या मुदतीत लेखी द्यावी लागते आणि त्यात कोणाला वाईट वाटत नाही. कर्जतला कागद नंतर आणि माणूस आधी.

पैशांचा हिशेब शेवटच्या दिवसाच्या आधी संपवावा. उशिरा नेल्याचे जादा तास, मध्येच आणलेले डायपर, दुधाचे पैसे, सगळे स्वतःहून विचारून द्यावे. ऑक्टोबरात सोडत असाल आणि दिवाळी दोन आठवड्यांवर असेल तर दिवाळीची भेट देऊनच निघावे. वर्षभर सांभाळल्यावर दिवाळीआधी हिशेब बंद करणे बरे दिसत नाही. अनामत परत मिळत नसेल तर पहिला उपाय चहाच्या टेबलावरचा. ठरलेली रक्कम खरोखरच अडवली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला बसतो. ऑनलाइन तक्रारीची सोय आहे, पण दोन हजारांसाठी कर्जतहून अलिबागच्या खेपा घालण्याची वेळ आणू नये हे दोन्ही बाजूंना पटण्यासारखे आहे.

सामान आणताना दुपटी आणि पाण्याची बाटली लक्षात राहते, कागद राहून जातात. लसीकरण कार्डाची आणि आधारची झेरॉक्स, मूल न्यायला येणाऱ्यांचे फोटो, तापाच्या औषधाची अर्धी बाटली, हे सगळे मागून घ्यावे. पाळणाघराने जाहिरातीसाठी मुलाचे फोटो वापरले असतील तर ते काढून टाकायला नम्रपणे सांगता येते. आणि कागदांपेक्षा मोलाची माहिती ताईंच्या डोक्यात असते. घरी तोंड फिरवणारे पोर त्यांच्याकडे मुगाची खिचडी कशी खाते? आधी चमचाभर कोरडा भात हातात देतात, मग खिचडी. झोपताना तो ताईंच्या कानाची पाळी चिमटीत धरतो. दुपारी दोननंतर झोपवले तर रात्री अकरापर्यंत जागतो. हे विचारून लिहून घ्यावे आणि नव्या ताईंना द्यावे. विचारण्यातच जुन्या ताईंचा मान राहतो.

लहान मुलासाठी माणूस बदलणे ही साधी गोष्ट नसते. ब्रिटनमध्ये जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने 1969 साली ‘जॉन’ नावाचा माहितीपट केला. सतरा महिन्यांचा जॉन आईच्या बाळंतपणामुळे नऊ दिवस एका निवासी बालगृहात राहिला. तिथल्या परिचारिका वाईट नव्हत्या, पण पाळीनुसार बदलत होत्या. जॉन कोणाला तरी धरून ठेवण्याची धडपड करतो आणि ते जमत नाही म्हणून कोमेजत जातो, हे त्यात स्पष्ट दिसते. जर्मनीत रुळलेली बर्लिन पद्धत याच काळजीतून येते. तिच्यात पहिले तीन दिवस पालक मुलासोबत थोडा वेळ बसून त्याला घेऊनच परत जातो, मूल एकटे ठेवतच नाहीत आणि नंतर दुरावा मिनिटामिनिटाने वाढवतात. इतकी रजा लोकलने जाणाऱ्या आईला मिळणार नाही. पण जुने पाळणाघर चालू असतानाच शेवटच्या आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी नव्या जागी तासभर जाऊन बसता येते. ताईंना महिनाभर आधी सांगितलेले असले तर हे उघडपणे करता येते, लपूनछपून नव्हे.

मुलाला आठवडाभर आधी साध्या शब्दांत सांगावे. ‘ताई तुला ठेवणार नाहीत म्हणून’ असे तर चुकूनही नको. शेवटच्या दिवशी केक हवाच असे नाही. उरलेल्या मुलांना लाडू आणि ताईंना एक साडी किंवा फोटोची चौकट पुरते. ‘रोज भेटायला येऊ’ असे वचन देऊ नये, महिन्याभराने एकदा खरेच जाऊन यावे.

या सगळ्या शिष्टाचाराला एक अपवाद आहे. 2016 च्या नोव्हेंबरात याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाल्याचे सीसीटीव्हीत दिसले आणि पोलीस कारवाई झाली. अंगावर वळ, अचानक वाढलेली भीती, लैंगिक छळाची शंका असे काही असेल तर महिन्याची सूचना, कारण, आभार काही लागत नाही. मूल त्याच दिवशी काढावे, डॉक्टरांकडून तपासून लेखी नोंद घ्यावी आणि 1098 या चाइल्डलाइनवर किंवा 112 वर कळवावे. सीसीटीव्हीचे चित्रण थोड्या दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच दिवशी लेखी करावी. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती कळवणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ‘गावात बोभाटा नको’ म्हणून गप्प बसणे कायद्यालाही मान्य नाही.

कारखान्याच्या किंवा कार्यालयाच्या पाळणाघरात मूल हलवणाऱ्यांसाठी थोडक्यात: 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा ही तरतूद 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात आली आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. मनुष्यबळ विभागाकडून जागेचे लेखी उत्तर हातात आल्याशिवाय घरच्या ताईंकडे विषय काढू नये.

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो आणि तिथे न सांगण्याची किंमत जास्त असते. दिवाळी झाली की ठेकेदाराची उचल घेतलेली कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला निघतात. पहाटे टेम्पो येतो, भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे त्यात चढतात. अंगणवाडीतल्या ताईंना कळते ते हजेरीच्या वेळी. देशात 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे वजन, आहार आणि लसीकरण अंगणवाडीशी बांधलेले आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी नेण्याचा आहार मिळतो, त्यापुढच्याला गरम खाऊ. मूल ‘सॅम’मध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषित असेल, तर त्याचे उपचारच मध्ये तुटतात.

इथे सांगणे सोपे आहे आणि महिनाभर आधीही लागत नाही. ठेकेदाराचा दिवस ठरला की त्याच आठवड्यात सेविकेला कुठल्या तालुक्यातल्या कुठल्या गावाजवळची भट्टी हे सांगावे. 2021 पासून अंगणवाडीची नोंद पोषण ट्रॅकर या अॅपवर होते आणि त्यात मुलाचे नाव दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवण्याची सोय आहे. भट्टीचे गाव नक्की ठाऊक नसेल तर मुकादमाचा फोन नंबर दिला तरी सेविकेला पुढे विचारता येते. निघताना शेवटचे वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावे आणि ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईने स्वतःजवळ ठेवावे, टेम्पोतल्या गाठोड्यात नको. भट्टीवर पोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत कार्ड दाखवले की तिथला आहार आणि राहिलेली लस मिळायला हवी. तिथल्या सेविकेने नाव नाही म्हणून परत पाठवले, तर वाडीच्या ताईंना फोन लावून दोघींचे बोलणे करून द्यावे.

पावसाच्या तोंडावर कुटुंब परतते तेव्हा हेच उलटे करायचे: भट्टीच्या गावातल्या सेविकेला निघण्याचा दिवस सांगायचा आणि वाडीवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलाचे वजन करून घ्यायचे.